कारवानी की पश्मी

सारंगखेड्याच्या पुलाखाली,
घोडेबाजार उठून चार दिवस झाले तरी
सुभानखाँ तडवी बसूनच होता
एका बाजेला दोन पिल्लं बांधून.
ओढून ओढून त्यांनी बाज हातभर सरकवली होती
त्याच्यासकट.

डावीकडचा कारवानी.
वाळूच्या रंगाचा, बरगड्या मोजून घ्याव्यात असा,
पोट पाठीला लागलेलं, उपासानं नव्हे, घडणीनंच.
उजवीकडचा पश्मी.
तेवढाच लांब पायांचा, तेवढाच वाऱ्याला हपापलेला,
फक्त कानांना आणि शेपटीला रेशमी झालर,
कामाच्या जनावराला कशाला असावी तशी.

आता कोण पाळतं यांना, सुभानखाँ म्हणाला.
लोकांना फाटकाशी बसणारं कुत्रं पाहिजे.
हे बसत नाहीत.

मला पपईसाठी हवा होता.
गोमाईच्या काठानं रानडुकरं येतात
आणि खातात त्याहून जास्त पाडून जातात.
सकाळी झाडं आडवी, चिकाला मुंग्या.
झटक्याची तार लाव, हेमकांत म्हणाला होता.
लावली. डुकरांनी तारेखालून उकरलं.

जास्त कोण पळतं? मी विचारलं.
तो थोडा हसला.
'पयानं नका इचारू, ताई.
पपई निंघी गई का वावर उघडं.
तव्हय तुमनाकडे याले काय काम शे?
काम नहीं दिधं ना, ते हाऊ बाज खाई,
मंग दार खाई.'

दार मला माहीत होतं.
शहाद्याच्या कॉलेजात मी चढाईला जायचे,
एका दमात तिघींना शिवून रेषेवर परत.
लग्न होऊन आले तेव्हा सासरे कौतुकानं म्हणाले,
सूनबाईला कशालाच हात लावू देऊ नका.
सहा महिने कुणी लावू दिला नाही.
रात्री मी एक जुनी सतरंजी उसवली,
दशी दशी करून, काठापर्यंत.
सकाळी सगळ्यांनी उंदरांना शिव्या दिल्या.

सोडा दोघांना, मी म्हटलं.
तापीकाठच्या वाळूत ते निघाले
तेव्हा पाय आठ होते, जमिनीला एकही नव्हता.
टिटव्या उठल्या. पलीकडे धुणं धुणारी एक बाई
हातातली चादर तशीच धरून उभी राहिली.
कोण पुढं, कोण मागं, कळलं नाही.
कळून उपयोगही नव्हता.

परतले.
कारवानी धुतल्यासारखा स्वच्छ.
पश्मीच्या कानांत गोखरू, कुसळं,
बाभळीची एक काडी काट्यासकट.
'याना हाऊच तरास,' सुभानखाँ म्हणाला.
'रोज काढनं पडी. तासभर बसनं पडस.
कारवानीले ते काही नहीं.'
आणि कारवानीचा दोर त्यानं माझ्याकडं केलाही.

रोज तासभर.
मी पश्मीचा कान हातात घेतला.
पिल्लू थरथरत होतं, आतल्या आत अजून पळतच होतं,
पहिला गोखरू निघाला तसं दचकलं.
दुसऱ्याला नाही.
तिसऱ्याला ते खाली बसलं,
आणि माझ्या लक्षात आलं, मीपण बसलेय.
सुभानखाँनं बाजेवरचं चवाळं झटकलं,
दोनशे रुपये कमी घेतले, न मागता.

चार महिने झाले.
डुकरं येतात अजून, पण धास्तावून येतात.
त्यानं ठिबकच्या दोन नळ्या खाल्ल्या,
हेमकांतची एक चप्पल. दाराला फक्त ओरखडे.
पहाटे मी त्याच्यामागं बांधापर्यंत पळते,
गुडघा कुरकुरतो, शेजारचे पंप चालू करता करता बघतात.

दिवस मावळला की ओट्यावर कंगवा घेऊन बसते.
आतून सासूबाई विचारतात,
झालं नाही का गं अजून?
एक राहिलंय, मी म्हणते, खोल गेलंय.

कधी कधी नसतंही.